टाकवत नाही तिला

तिचं पूर्ण नाव 'नागली_प्रशिक्षण_हरसूल_फायनल_नवीन_२_सरांनी_पाहिलेली'. एवढं मोठं नाव कोण घेणार? म्हणून सगळे तिला नुसतं 'पीपीटी' म्हणतात. स्लाइड ३८, वजन ९१ एमबी.

नावातच तिचा स्वभाव उतरलाय. 'फायनल' लिहिलं तेव्हा काम संपलं होतं. मग कुणाला तरी आणखी दोन फोटो सापडले, म्हणून 'नवीन' आलं. त्यानंतर लोगो बदलला, म्हणून '२'. शेवटी सरांनी पाहिली. त्यांनी उद्घाटनाचा फोटो जरा मोठा करायला सांगितलं, आणि त्यांची नजर पडल्याची नोंदही नावात राहिली. एवढ्या हातांतून गेली, पण 'हे काढा' असं तिला एकदाही कुणी सांगितलं नाही. प्रत्येकानं तिच्या हातात काहीतरी ठेवलं आणि पुढं पाठवलं. गाठोडं घेऊन निघालेल्या बाईला वाटेतल्या प्रत्येक घरानं 'एवढं घेऊन जा' म्हणावं, आणि तिला नाही म्हणता येऊ नये, तसं तिचं झालंय.

तिचं मूळ भातावरच्या एका जुन्या प्रशिक्षणातलं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, प्रस्ताव भारताचाच होता, आणि आपल्याकडं जो तो नागली-वरईवर बोलायला लागला. भाताची पीपीटी तयार होती. भात पुसून नागली लिहिली. पण भाताच्या वेळची हिरवीगार पार्श्वचित्रं, न वापरलेले अकरा लेआउट, कधीकाळच्या एका कार्यशाळेचं बोधचिन्ह, हे सगळं तिच्या 'स्लाइड मास्टर' नावाच्या माजघरात तसंच पडून राहिलं. पडद्यावर त्यातलं काहीच दिसत नाही. वजन मात्र धरतं.

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्याचं पश्चिमेचं टोक. एका अंगाला पेठ, एका अंगाला मोखाडा-जव्हार, आणि आणखी थोडं पुढं सरकलं की गुजरात. नाशिकहून गिरणारे, वाघेरा करत घाट उतरून इथं यावं लागतं. आजूबाजूच्या पाड्यांचा बाजार इथं, ग्रामीण रुग्णालय इथं, पोलीस ठाणं इथं, आणि दाखले, अर्ज, झेरॉक्स यांची सगळी धावपळही इथंच. साहजिकच प्रशिक्षणं इथं होतात. सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, खिडक्यांना चादरी लावून अंधार केला जातो, आणि मग पडद्यावर ही बाई अवतरते.

आणि खरं सांगतो, पडद्यावर ती शोभते. पहिल्या स्लाइडवर नागलीची मुठीएवढी बोंडं, मागं ओला डोंगर. राब भाजतानाचा धूर, आवणीच्या ओळी, खळ्यावर झोडपणी, भाकरी थापणारे हात. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे वाक्य उजवीकडून सरकत येतं आणि थांबताना एक गिरकी घेतं. पाड्यावरच्या बायका गिरकीला हसतात. कॅल्शियमचं त्यांना कौतुक नाही, नागली त्या जन्मापासून खातायत. पण आपलंच शेत एवढं मोठं झालेलं पाहायला कुणाला आवडत नाही?

ती बसली की तिला चालवणाऱ्या लॅपटॉपचा पंखा सुरू होतो. प्रत्येक स्लाइडआधी ती एक श्वास घेते. प्रशिक्षक तेवढ्या वेळात 'तर मंडळी' म्हणतात. अडतीस वेळा.

गडबड होते ती संपल्यावर.

"सर, पीपीटी ग्रुपवर टाका ना."

"टाकतो, टाकतो."

हे वाक्य आता आभारप्रदर्शनाचाच भाग झालंय. चहा येतो, हजेरीवर सह्या होतात आणि पीपीटी ग्रुपवर पडते. मग रात्रीपर्यंत ग्रुपवर जे उमटतं ते साधारण असं: सर, गोल गोल फिरतंय. सर, उघडत नाही. सर, मेमरी फुल दाखवतंय. सर, ही कशात उघडायची? एकाला ती उघडते, पण मथळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची उलटीसुलटी खिचडी दिसते. कारण भाताच्या काळातले मथळे जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत आणि तो फॉन्ट त्या फोनच्या बापजन्मात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपनं २०२२ मध्ये डॉक्युमेंटची मर्यादा १०० एमबीवरून २ जीबी केली. दार रुंद झालं, म्हणून ९१ एमबी हल्ली निमूट आत जातात. पण दारापासून पाड्यापर्यंतचा रस्ता तेवढाच राहिला. माळावर चढून रेंज पकडणाऱ्या माणसाचा दिवसाचा डेटा आणि फोनमधली उरलीसुरली जागा या एका फाईलीवर खर्च होते. पाठवणाऱ्यानं कार्यालयाच्या वायफायवर एक बटण दाबलेलं असतं. वजन कमी करायला त्याला पाच मिनिटं लागली असती; न केल्याचा खर्च ग्रुपवरच्या साठ घरांनी भरला. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट खटकते. बाकीचं तांत्रिक आहे.

ईमेलचं गणित आणखी कडक. जीमेलची मर्यादा २५ एमबी; शिवाय जोडलेली फाईल पाठवताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि त्यात ती एक तृतीयांशानं वाढते. म्हणजे खरी मर्यादा अठराच्या आसपास. आमच्या बाईला तिथं उंबऱ्यावरच थांबवतात.

तर एवढं वजन आहे कशाचं? तिचं गाठोडं सोडून बघायची एक साधी युक्ती आहे. २००७ च्या ऑफिसपासून 'पीपीटीएक्स' म्हणजे आतून एक झिप फाईलच असते. तिची एक प्रत काढायची, नावाच्या शेवटचं 'पीपीटीएक्स' पुसून 'झिप' लिहायचं आणि उघडायची. आत 'पीपीटी' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया' नावाचा फोल्डर. त्यात सगळं ओळीनं मांडलेलं असतं. वजनानुसार लावून घेतलं की गुन्हेगार वर येतात.

मजकुराचं वजन तर हसण्यासारखं असतं. देवनागरीचं एक चिन्ह संगणकात साधारण तीन बाइट घेतं. हा तुम्ही वाचताय तो अख्खा लेख कच्चा लिहून ठेवला तरी पन्नास केबीच्या आगेमागेच राहील. फोनमधला एक फोटो चार एमबीचा. म्हणजे असे ऐंशी लेख एका फोटोत बसतील. नागलीबद्दल तिला जे सांगायचंय ते सगळं खिशात मावणारं आहे.

आता फोटोंचं बघू. आजच्या साध्या फोनचा फोटो चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. तो स्लाइडच्या कोपऱ्यात चार इंच बाय तीन इंच एवढा बसवला. पडद्यावर आणि फोनवर नीट दिसायला इंचाला दीडशे ठिपके पुष्कळ झाले. म्हणजे सहाशे बाय साडेचारशे, दोन लाख सत्तर हजार. चव्वेचाळीसपट ठिपके ती उगाच वागवतेय. कोपऱ्यात धरून फोटो लहान केला, म्हणजे तो हलका झाला असं वाटतं, पण लहान झाली ती फक्त चौकट. असे चोवीस फोटो.

पण माझ्या मते तिचा खरा स्वभाव दिसतो तो कापलेल्या फोटोंत. एका स्लाइडवर नागलीची कणसं हातात धरलेल्या ताईंचा सुरेख फोटो आहे. मूळ फोटोत त्यांच्या शेजारी टेबल होतं आणि टेबलावर हजेरीचा कागद: नावं, मोबाईल नंबर, सह्या. 'क्रॉप' करून टेबल कापलं, छान झालं. पण तिनं ते टाकलेलं नाही. पीपीटीत कापलेला भाग फक्त झाकला जातो. न जाणो, मालकाला उद्या परत हवा झाला तर? ग्रुपवरचा कुणीही त्या फोटोवर टिचकी मारून क्रॉपच्या कडा बाहेर ओढू शकतो, की हजेरीचा कागद पुन्हा हजर. मोठा करून नंबर वाचता येतात. याला निष्ठा म्हणा, पण ही निष्ठा लोकांच्या मुळावर येते.

तसाच तो आलेख. पाचच खांबांचा, गावनिहाय लाभार्थी दाखवणारा. एक्सेलमधून उचलून इथं चिकटवताना 'वर्कबुक एम्बेड' झालं, म्हणजे खांबांबरोबर अख्खी वही आली: सगळ्या शीट, त्यातली नावं, बँक खात्यांचे रकाने. आलेखावर दोनदा टिचकी मारली की वही उघडते. पाच खांब दाखवायला तिनं सगळ्या पंचक्रोशीचा हिशेब पदराला बांधून आणला होता. चिकटवताना 'पिक्चर' म्हणून चिकटवलं असतं तर तिच्याकडं फक्त खांब आले असते.

जुन्या लोकांना आठवत असेल, डी.एड. कॉलेजात ओव्हरहेड प्रोजेक्टर असायचा. पारदर्शिका विकत आणायच्या, त्यावर स्केचपेननं लिहायचं. एक पारदर्शिका बिघडली की पैसे गेले, म्हणून माणसं मोजकं लिहायची. पॉवरपॉइंट जन्मलं ते याच पारदर्शिका छापण्यासाठी. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत ते केलं, १९८७ मध्ये मॅकिन्टॉशवर आलं, काळ्या-पांढऱ्या रंगात, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी एक कोटी चाळीस लाख डॉलरना घेतली. त्या घराण्यातली ही मुलगी. तिच्या आधीच्या पिढीतल्या फायली दीड एमबीच्याही आतल्या फ्लॉपीत मावायच्या. जागा वाढत गेली तसं मोजकेपण सुटलं.

हिची एक सख्खी शेजारीण आहे, पीडीएफ. स्वभावानं अगदी उलट. अ‍ॅडोबीच्या जॉन वॉर्नॉक यांनी नव्वदच्या सुमारास 'कॅमलॉट' या नावानं तिची कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं: एका यंत्रावर कागद जसा दिसतो तसाच तो जगातल्या कुठल्याही यंत्रावर दिसला पाहिजे. १९९३ मध्ये ती बाजारात आली, २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. पीपीटी गप्पिष्ट, कायम तयारीत, कायम अर्धवट. पीडीएफ एकदा बसली की बसली. गिरक्या घेत नाही. व्हिडिओ दिला तर त्यातलं एक स्थिर चित्र ठेवते आणि बाकीचं विसरते. आलेखाचे खांब रेघांच्या रूपात घेते, हिशेबाची वही दारातच ठेवते. आपल्या दृष्टीनं तिचा मोठा गुण म्हणजे ती फॉन्ट सोबत बाळगते, तोही सगळा नव्हे. जी अक्षरं आणि जोडाक्षरं वापरली तेवढीच. म्हणून पाड्यावरच्या फोनमध्ये मराठी मराठीच दिसतं. जुन्या फॉन्टमधले मथळेसुद्धा डोळ्यांना बरोबर दिसतात; फक्त ते शोधायला किंवा कॉपी करायला गेलं की आतली खिचडी बाहेर येते. तेवढे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावेत. डझनभर मथळे असतात, कुणाचं बोट झिजत नाही.

टाळेबंदीत आपल्या राज्यानं ही पीडीएफ भरपूर पाहिली. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली. रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवरून शिक्षकांकडं, शिक्षकांकडून पालकांकडं. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये मोफत होतीच. घरात एक फोन, तो बाबांबरोबर कामावर गेलेला, अशा घरांनी त्या काळात एमबी मोजायला शिकून घेतलं. द्राक्षाच्या कामाला नाशिककडं उतरणाऱ्या या भागात तर ते गणित सगळ्यांच्या तोंडपाठ झालं असणार.

पीपीटीची पीडीएफ करायची म्हणजे 'सेव्ह अ‍ॅज' करून मोकळं व्हायचं, हे खरं तर पुरेसं वाटतं. पण आमच्याकडं तिला त्या घरी पोचवायच्या नाना तऱ्हा आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

पहिली तऱ्हा कार्यालयाची. अडतीस स्लाइडची प्रिंट काढायची. त्यावर सही, त्यावर गोल शिक्का. मग ते अडतीस कागद फोनच्या स्कॅनर अ‍ॅपनं एकेक करून टिपायचे, अंगठा दिसणार नाही याची काळजी घेत, आणि त्याची पीडीएफ करायची. या प्रवासात प्रत्येक अक्षराचं चित्र होतं. जे पन्नास केबीत मावत होतं ते वीस-पंचवीस एमबी होऊन परत येतं, थोडं तिरकं आणि करड्या रंगाचं. त्यात 'नागली' शब्द शोधला तर सापडत नाही. ज्याला दिसत नाही अशा माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. सही फक्त पहिल्या पानावर हवी असते. तेवढं एक पान स्कॅन करून बाकीच्यांना जोडता येतं. पण शिक्का अडतीस ठिकाणी मारल्याचं समाधान वेगळंच असतं, त्याला इलाज नाही.

दुसरी तऱ्हा तरुणांची. पडद्यावरच्या स्लाइडचे फोनवर फोटो काढायचे. मधल्या रांगेतल्या काकांचं टक्कल प्रत्येक फोटोत.

तिसरी मात्र मला आवडते, कारण ती इथल्या गरजेतून निघालीय. फोटो आधी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायचा, डॉक्युमेंट म्हणून न पाठवता नुसता फोटो म्हणून. व्हॉट्सअ‍ॅप तो पिळून काढतं, चार एमबीचे दोन-तीनशे केबी होतात, आणि मग तो उतरवून पीपीटीत लावायचा. ज्यानं ही शोधून काढली त्याला ठिपक्यांचा हिशेब कुणी शिकवला नव्हता. युक्तीत खोट एवढीच, की किती पिळायचं हे फारसं आपल्या हातात राहत नाही.

चौथी, सगळ्यात चालणारी: 'पीडीएफ कॉम्प्रेस' असं शोधायचं, जी साइट पहिली येईल तिच्यावर फाईल चढवायची, बारीक होऊन खाली घ्यायची. काम होतं. फक्त हजेरीचे नंबर किंवा आधारच्या प्रती असलेली फाईल असेल, तर ती आपण कुणा अनोळखी माणसाच्या संगणकावर ठेवून आलो, एवढं लक्षात असू द्यावं.

सरळ रस्ता या सगळ्यांहून जवळचा आहे. आधी पीपीटीतच आवरून घ्यायचं. कुठलाही फोटो निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडायचं. तिथं 'फक्त याच चित्राला लागू' अशी खूण असते ती काढायची, 'क्रॉप केलेले भाग काढून टाका' ही खूण ठेवायची, आणि खालच्या यादीतून १५० निवडायचं. यादीत छपाईला २२०, वेबला १५०, ईमेलला ९६ असे आकडे दिलेले असतात. ९६ वर माणसांचे चेहरे ओळखू येतात, पण तक्त्याच्या चित्रातले आकडे फुटतात, म्हणून दीडशे. मग स्लाइड मास्टरमध्ये जाऊन भाताच्या काळातले लेआउट उडवायचे. एवढं झालं की पीडीएफ काढायची. तिथं 'मिनिमम साइझ' असा पर्याय आहे, आणि 'ऑप्शन्स'मध्ये 'बिटमॅप टेक्स्ट' नावाची एक खूण. फॉन्ट सोबत नेता येत नसेल तेव्हा अक्षरांचं चित्र करायचं, असा तिचा अर्थ. चांगला युनिकोड फॉन्ट असेल तर तिची गरज पडत नाही. ज्यांच्याकडं लिब्रेऑफिस आहे त्यांना 'मिनिमाइझ प्रेझेंटेशन' असा तयार आदेशच मिळतो, आणि पीडीएफ काढताना चित्राचा दर्जा टक्क्यांत विचारला जातो.

दर्जा टक्क्यांत का? कारण यात काहीतरी कायमचं जातं. फोटो बारीक होतो तो जेपीईजी पद्धतीनं. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला सावकाश बदलणारा रंग आणि झपाट्यानं बदलणारा बारकावा वेगळे करायचे, आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा बारकावा सोडून द्यायचा. ही वेगळं करण्याची गणिती रीत बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांची. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यांनी या कामासाठी निधी मागितला, तो मिळाला नाही. कल्पना फारच सोपी वाटते, असा एक शेरा होता. त्यांनी काम सोडलं नाही. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केलं, १९९२ मध्ये जेपीईजीचं मानक त्यावर उभं राहिलं. आज हरसूलमधून निघणारा प्रत्येक फोटो त्या सोप्या कल्पनेतून जातो. ती रीत धूर, डोंगर, ढग यांना फार छान जमते. अक्षरांच्या धारदार कडांना जमत नाही. कडेनं बारीक धूळ उडाल्यासारखी दिसते. म्हणून मजकूर मजकूरच राहू द्यावा, त्याचं चित्र करून मग ते पिळू नये.

नागलीच्या बाईला बसवून मी हे सगळं केलं तेव्हा चोवीस फोटोंपैकी बहुतेकांनी काही तक्रार केली नाही. धूर धूरच राहिला. उद्घाटनाचा फोटो, समईभोवती अकरा माणसं, सात एमबीचा होता. तो ऐंशी केबीत आला आणि अकराच्या अकरा ओळखू येत होती. सरांना फरक कळला नाही.

एकाच फोटोनं अडवलं. करप्याचा फोटो. नागलीच्या पानावर आणि बोंडावर करपा पडतो, तो सुरुवातीला ओळखायचा तर डागाची कड दिसावी लागते: मध्ये राखाडी, भोवती तपकिरी, टोकाला निमुळता. पीपीटीत हा फोटो दोन इंचांचा, खाली उजवीकडं, कॅल्शियमच्या वाक्याशेजारी भरीला टाकलेला. दीडशेच्या हिशेबानं तो पिळला आणि डागाचा नुसता ठिपका उरला. ज्यासाठी पाड्यावरचा माणूस सहा महिन्यांनी ही फाईल पुन्हा उघडेल, बांधावर उभं राहून, एका हातात पान आणि एका हातात फोन धरून, तो नेमका हा फोटो. आणि तिच्या लेखी त्याची किंमत समईपेक्षा कमी!

तिथं बटणं संपली. कुठला फोटो कशासाठी आहे हे कॉम्प्रेसच्या खिडकीत विचारत नाहीत. मूळ फोटो पुन्हा आणला, कोपऱ्यातून काढून त्याला स्वतःची अख्खी स्लाइड दिली. १३.३३ इंच रुंदीला दीडशेच्या हिशेबानं दोन हजार ठिपके मिळतात. बोटांनी मोठा केला तरी कड दिसते. उलट समई पाव स्लाइडवर आणली. उत्पादनाचा तक्ता स्क्रीनशॉट होता, तो पुन्हा टाइप केला. सहा ओळींचाच होता. आभाराच्या तीन स्लाइड होत्या, एक ठेवली. गिरक्या आपोआप गेल्या.

सदतीस पानं, ३.४ एमबी.

ग्रुपवर टाकल्यावर फारसं कुणी काही म्हटलं नाही. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला. पलीकडच्या पाड्यावरून एकीनं विचारलं, "सर, २१ नंबरच्या पानावरचा डाग आमच्या वरईवर पन आलाय. तोच का दुसरा?" प्रशिक्षकांनी फोटो मागवला. तिनं पाठवलेला फोटो धूसर होता. मग त्यांनी जवळून काढून, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. या खेपेला चार एमबी हवेच होते.

पीपीटी अजून आहे. तिला कुणी पुसली नाही आणि पुसूही नये. पुढच्या हंगामात बदल करायचे तर पीडीएफ काही कामाची नाही, तिला बोलतं करायला पुन्हा हीच लागते. कार्यालयातल्या संगणकावर ती आपल्या सगळ्या सामानासकट बसलीय. नावापुढं '_मूळ' असं जोडलंय. परवा कळलं की तिच्यात वरईचे बारा फोटो आले.

राहता राहिलं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. तेही त्याच घरातलं, एका स्लाइडचं. एका ताईला ते कुठल्याशा अर्जाला जोडायचं होतं. बाजारपेठेतल्या सेवा केंद्रावर गेलो. मी आदल्या रात्री त्याची नीट, नेटकी पीडीएफ करून दिली होती: अक्षरं अक्षरंच, फॉन्ट सोबत, ६१ केबी. केंद्रचालकानं ती पोर्टलवर चढवली आणि लाल अक्षरांत सूचना आली. कागदपत्राचा आकार ७५ ते ५०० केबी असावा.

"बारीक झालीय," तो म्हणाला. "फुगवावी लागंल."

त्यानं प्रिंट काढली, ती खुर्चीवर ठेवली, फोननं टिपली, अंगठा बाहेर ठेवून. ३४० केबी. चढली.

"प्रिंटचे पाच," तो म्हणाला, "स्कॅनचे दहा."